कथा-कादंबऱ्यांतली इतकी चांगली माणसं लेखक कुठून आणतात, आणि का?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. सांगलीत आमचा एक लहानसा वाचनगट आहे. सध्या कादंबरीकार वि. स. खांडेकर वाचायला घेतलेत. माणूस इथलाच, १८९८ साली सांगलीत जन्मलेला, त्यामुळं ज्येष्ठ मंडळींचा जीव त्यात गुंतलेला. त्यांच्या 'ययाति' कादंबरीवर बोलताना त्यातल्या कचावरून, म्हणजे देवयानीचं ज्याच्यावर प्रेम होतं त्या ऋषिपुत्रावरून, चांगलाच वाद पेटला. गटातल्या कॉलेजच्या मुलींचं म्हणणं असं: ययातीची हाव कळते, देवयानीचा राग कळतो, शर्मिष्ठेचं दुःख तर थेट पोचतं, पण कच माणूसच वाटत नाही. तो चिडत नाही, लोभात पडत नाही, सगळ्यांना समजून घेतो. "असली माणसं असतात कुठं?" असं एकीनं विचारलं आणि आमचे एक काका दुखावले. त्यांचं तरुणपण या पात्रांच्या आधारावर गेलंय.

मला मुलींचा प्रश्न रास्त वाटतो आणि काकांचं दुखणंही खरं वाटतं. लेखक आपल्यासारखाच जगात वावरतो, फसवला जातो, चिडतो. मग तो कनवाळू, समजूतदार, जवळजवळ निर्मळ माणसं कागदावर का उतरवतो? मला वाटतं, वाचकाला धडा द्यायचा म्हणून तर नक्कीच नाही. एखादी कादंबरी लिहायला वर्षं जातात. एवढा काळ ज्यांच्या संगतीत काढायचा, त्यांत ज्याच्याजवळ बसावं असं एक तरी माणूस लेखकाला स्वतःसाठी लागत असणार. तुम्हाला काय वाटतं? तुम्ही लिहीत असाल तर जास्तच सांगा.

भडंगप्रेमी
कचाला एकदा विश्रामबागेत आणून भडंग खाऊ घाला. दुसरी पुडी मागितली की माणसात आला म्हणायचं. धागा मस्त, वाचतोय.

मास्तर_कराडकर
ताई, तुमच्या गटातल्या मुलींना माझा एक प्रश्न विचारा. समजा एका लेखकानं असं लिहिलं: एक माणूस खेड्यापाड्यांतली, सगळ्या जातींची गरीब पोरं गोळा करून वसतिगृह काढतो. पोरांना एका पंगतीत जेवायला बसवतो. धान्य संपतं, तेव्हा त्याची बायको अंगावरचे दागिने मोडते, शेवटी मंगळसूत्रही देते, आणि पोरं जेवतात. मुली म्हणतील, अती झालं, पानोपानी त्याग. पण हे साताऱ्यात घडलंय. कर्मवीर भाऊराव पाटील आणि लक्ष्मीबाई. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेची सुरुवात १९१९ साली आमच्या कराडजवळच्या काले गावात झाली, १९२४ ला मुक्काम साताऱ्याला हलला. मी रयतमध्येच शिकलो आणि जन्मभर रयतमध्येच शिकवलं. लक्ष्मीबाईंना पाहिलेली माणसं आमच्या लहानपणी हयात होती, आणि त्यांच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा.

तेव्हा "असली माणसं नसतात" हे मला मान्य नाही. असतात, पण थोडी असतात, आणि ज्याच्या वाट्याला असं माणूस येतं तो त्यावर आयुष्य काढतो. लेखकाच्या वाट्याला आलं तर तो लिहितो. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो'मध्ये यमूचा नवरा रंगवला, बायकोला वाचायला शिकवणारा, तिचं ऐकून घेणारा. १८९० च्या आसपास असे नवरे किती होते? हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. पण होते, आणि हरिभाऊंना ते चारचौघांना दाखवायचे होते. त्याच कादंबरीतल्या दुष्ट शंकरमामंजीसारखे तर घरोघर होते, ते दाखवायला वेगळं धाडस लागत नव्हतं.

हळदपेठ
मास्तर, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, तुम्ही लेखकाला फार वर बसवताय. मी व्यापारी माणूस, मला यात गिऱ्हाइकाची मागणी दिसते. दिवसभर बाजारात मापं, दर, उधारी यावरून भांडून घरी आल्यावर माणसाला गोड शेवट पाहिजे. मालिकावाल्यांनी ते ओळखलंय. सोसणारी सून, देवमाणूस सासरा, आणि रोज अर्धा तास रडणं. यात करुणा कुठं आहे? रडून मोकळं झालं की माणूस दुसऱ्या दिवशी हमालाशी तसाच बोलतो जसा काल बोलला. माझा आक्षेप इतकाच की पुस्तकातल्या दयाळू माणसामुळं आपल्याला स्वतः दयाळू असल्यासारखं वाटायला लागतं, आणि काम तिथंच थांबतं.

नीरा_उजवा_कालवा
हळदपेठ, शेवटचं वाक्य लागलं. अनुमोदन.

अनामिका_विटा
मास्तरकाका, लक्ष्मीबाईंबद्दल माझ्या मनात तुमच्याइतकाच आदर आहे. पण एक विचारू? त्या रात्री मंगळसूत्र काढून देताना त्यांच्या मनात काय चाललं होतं, हे कुणी लिहिलंय का? भाऊरावांशी त्या एकदा तरी भांडल्या असतील का? आपण त्यांना त्याग म्हणून ओळखतो, बाई म्हणून ओळखत नाही.

आदर्श पात्रांचं मला हेच खुपतं. मराठी कथेत पुरुष करुणा दाखवतो तेव्हा तो थोर होतो, त्याच्या नावानं पुस्तक निघतं. बाई तेच करते तेव्हा ते तिचं कर्तव्य असतं. आई म्हटलं की उपाशी राहून पोराला घास देणारी. माझी आई आम्हाला जेवायला घालायची आणि स्वतःही पोटभर जेवायची. म्हणायची, मी पडले तर तुम्हाला कोण बघणार? ती फार मायेची होती. पण अशी आई मला शाळेतल्या एकाही धड्यात भेटली नाही. उलट धडे वाचून मला लहानपणी वाटायचं, आपली आई जरा कमी पडते की काय. लेखकांनी चांगलं माणूस जरूर लिहावं. पण त्या चांगुलपणानं दुसऱ्या कुणाला, विशेषतः बायकांना, अपराधी वाटायला लावू नये.

कृष्णाकाठची
अनामिका, हा प्रतिसाद मी गटात मोठ्यानं वाचून दाखवणार आहे, परवानगी गृहीत धरते.

वाटेगाव_फाटा
अनामिकाताईंनी बायकांचं सांगितलं, मी दुसरी बाजू मांडतो. आपल्याकडच्या कथांत दया कायम वरून खाली येते. मास्तर दया करतो, डॉक्टर करतो, मोठ्या वाड्यातला मालक करतो. ज्याच्यावर करतो त्याला नाव नसतं, बोलणं नसतं. तो हात जोडून उभा राहतो आणि शेवटच्या पानावर त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. असलं वाचताना माझ्यासारख्याला आपण कुठं उभे आहोत ते बरोबर कळतं.

म्हणून मला 'फकिरा' जवळचा. लेखक अण्णाभाऊ साठे आमच्या वाटेगावचे. १९५९ ची कादंबरी. फकिराही आदर्शच आहे की! अण्णाभाऊंनी त्याला कुठंही लहान केलेलं नाही. पण तो उपाशी माणसांकडं बघून हळहळत बसत नाही, धान्य लुटून आणतो आणि वाटतो, कारण ती त्याचीच माणसं आहेत. त्यांना सोडवायला शेवटी स्वतःहून पुढं होतो. तिथं करुणा आणि राग एकच आहेत. ज्या समाजाला सरकारनं जन्मतःच गुन्हेगार ठरवून टाकलं होतं, त्या समाजातला इतका उमदा माणूस लिहिणं ही अण्णाभाऊंची गरज होती. कुणीतरी आपल्याबद्दल खोटं लिहून ठेवलेलं असताना तुम्ही अर्धामुर्धा चांगला नायक लिहीत नाही, पुरता लिहिता.

मूळ प्रश्नाला माझं उत्तर हेच: काही लेखक आदर्श पात्र लिहितात ते साक्ष म्हणून. हळदपेठ, फकिरा वाचून रडून मोकळं होता येत नाही, वाचून बघा.

हळदपेठ
वाचलाय, कॉलेजात असताना. ते मान्य. मी मालिकांबद्दल बोलत होतो.

हरिपूर_संगम
'शारदा' नाटकातल्या कोदंडाचं नाव कुणीच कसं काढलं नाही? नाटककार देवल आमच्या हरिपूरचे. 'शारदा' १८९९ चं. म्हातारा भुजंगनाथ लहान पोरीशी लग्न लावायला निघालाय, बाप पैशासाठी तयार झालाय, सगळा गाव बघतोय, आणि एकटा कोदंड आडवा येतो. मला तो कायम आवडत आलाय. पुढं याच नाटकामुळं बालविवाहाचा शारदा कायदा झाला ना?

वाईकर
नाही हो. तो १९२९ चा कायदा हरबिलास सारडा यांच्या नावावरून ओळखला जातो, त्यांनी तो मांडला होता. नाटकाशी नाव जुळलं हा योगायोग. पण कोदंडाबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि त्यात एक गंमत बघा. लग्न मोडतं ते कुणाचं मन पाघळलं म्हणून मोडत नाही. वधू-वर सगोत्र आहेत हे उघड होतं म्हणून मोडतं. देवलांनी चांगला माणूस उभा केला, पण त्याच्या चांगुलपणानं गाव सुधारला असं दाखवलं नाही. गावानं ऐकलं ते शास्त्राचंच. देवलांना माणसं ठाऊक होती.

आता मूळ प्रश्न. हा प्रश्न आपल्या परंपरेत फार जुना आहे. वाल्मीकि रामायणाची सुरुवात आठवा. वाल्मीकी नारदांना विचारतात की आजच्या या जगात गुणवान, पराक्रमी, कृतज्ञ, सत्य बोलणारा, सर्व प्राणिमात्रांच्या हिताचा विचार करणारा असा कोण आहे? 'आजच्या या जगात' हे महत्त्वाचं. ते जुन्या काळचा कुणी विचारत नाहीत. आपल्याकडचं आदिकाव्य या शोधापासून सुरू होतं. आणि लगेच पुढच्या सर्गात पारध्यानं क्रौंच पक्षी मारलेला ते बघतात आणि कळवळतात, त्या कळवळ्यातून पहिला श्लोक येतो. आधी चांगल्या माणसाची चौकशी, मग डोळ्यांसमोर क्रौर्य, मग काव्य. खांडेकरांनी १९४२ च्या कादंबरीला 'क्रौंचवध' नाव उगाच दिलं नाही.

रशियन कादंबरीकार दस्तयेवस्कीची गोष्टही सांगण्याजोगी. 'इडियट' लिहिताना, १८६८ च्या जानेवारीत, त्यानं भाचीला पत्र लिहिलं: मला एक पूर्णपणे सुंदर मनाचा माणूस रंगवायचाय आणि याहून अवघड काम जगात नाही. साहित्यातल्या अशा माणसांत त्याला सर्व्हांटिसचा डॉन किहोटे सगळ्यांत जमलेला वाटायचा, आणि कारण त्यानं दिलंय की तो चांगला असतानाच हास्यास्पदही आहे. लोक त्याला हसतात, त्याला स्वतःची किंमत माहीत नाही, म्हणून वाचकाला त्याच्याबद्दल माया वाटते. कचाची अडचण कदाचित इथंच आहे. त्याला कुणी हसत नाही.

भडंगप्रेमी
म्हणजे माझा भडंगाचा मुद्दा दस्तयेवस्कीनं आधीच मांडला होता!

वाईकर
अगदी. पत्रात फक्त भडंगाचा उल्लेख नाही.

एकांकिका_वेडा
मंडळी, मी अडलोय, मदत करा. २०१९ च्या महापुरावर एकांकिका लिहिलीय. वेढा पडलेलं गाव, शाळेच्या वरच्या मजल्यावर माणसं, आणि गावातला डॉक्टर. पाच दिवस झोपत नाही, एक पैसा घेत नाही, सगळ्यांना बघतो. एका स्पर्धेत प्रयोग झाला. परीक्षक म्हणाले, डॉक्टर सद्गुणांचा पुतळा झालाय, त्याला एखादा दोष द्या.

पण मी असा डॉक्टर बघितलाय! आमच्याच भागात. कंबरेएवढ्या पाण्यातून औषधाची पेटी डोक्यावर धरून चाललेला. त्यावेळी सगळीकडं बातम्या यायच्या त्या धरणं, विसर्ग आणि सांगलीच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळीच्या. या माणसाचं नाव कुठंच आलं नाही. ते कुठंतरी यावं म्हणून मी लिहिलं. आता परीक्षकांसाठी त्याला दारू पाजू की बायकोवर ओरडायला लावू? खरं सांगतो, मन तयार होत नाही.

मास्तर_कराडकर
पाजू नका. दोष चिकटवून माणूस खरा होत नाही.

माणदेशी_पाऊलवाट
मास्तरांशी सहमत. उदाहरण घरचंच देतो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' बघा. १९५५ साली पुस्तक आलं. त्यातला तरुण मास्तर काही कुणी महापुरुष नाही. धनगरांच्या वाडीत जातो, शाळेत पोरं नाहीत, ती एकेक करून गोळा करतो. लोकांचे अर्ज लिहितो, भांडणं मिटवतो, तालीम बांधायचं मनावर घेतो. चोऱ्यामाऱ्या करणाऱ्या आनंदा रामोशाशीही त्याचं जमतं. त्याची करुणा अशी कामाकामांतून दिसते. "मला तुमचा कळवळा आहे" असं तो कुठं म्हणत नाही. आणि शेवटी दुष्काळ येतो, माणसं मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते. त्याच्या चांगुलपणाला पाऊस पाडता येत नाही. आम्ही आटपाडीकडची माणसं, ओस पडलेली वाडी म्हणजे काय ते आजोबांकडून ऐकलंय. माडगूळकरांनी मास्तराला यश दिलं नाही, म्हणून तो साठ-सत्तर वर्षं टिकला असं मला वाटतं.

मिरज_रात्रपाळी
मी नर्स आहे. मिरजेत दवाखाने इतके आहेत की या कामातली माणसं इथं घरोघर भेटतील. कथेतल्या नर्स वाचल्या की मला परकं वाटतं. कायम हळू आवाज, कायम कपाळावर हात. एक बघितलेलं सांगते.

रात्री उशिरा एक आजी आल्या. सलाईन लावायचं होतं, शीर सापडेना, दोघींनी प्रयत्न करून सोडलं. आमच्या सीनियर सिस्टर आल्या त्याच नातेवाइकांवर ओरडत: "सगळे बाहेर व्हा, इथं काय जत्रा आहे का?" तोंडाचा पट्टा चालू आणि त्याच वेळी आजींचा गार पडलेला हात स्वतःच्या दोन्ही तळव्यांत घेऊन चोळत होत्या. हात गरम झाला की शीर वर येते. एकदाच टोचलं, लागलं. मग चिकटपट्टी लावताना आजींच्या हातातल्या काचेच्या बांगड्या मागं सारल्या आणि त्यांच्याखाली कापसाची घडी ठेवली, झोपेत रुतू नयेत म्हणून. तेवढं केलं आणि पुन्हा बाहेर जाऊन दुसऱ्या कुणावर तरी ओरडल्या.

ती घडी ठेवायला कुणी सांगत नाही, कुठल्या चार्टवर ती लिहावी लागत नाही. लेखकांनो, तुम्हाला करुणा दाखवायची तर ती घडी दाखवा. ओरडणं काढून टाकू नका, आणि दोष म्हणूनही दाखवू नका. रात्रभर तीस माणसं सांभाळताना आवाज चढतो, त्याचा मनाशी संबंध नसतो.

अनामिका_विटा
मिरज_रात्रपाळी, तुम्ही लिहीत जा. खरंच.

वाटेगाव_फाटा
आणि त्या आजी काय म्हणाल्या तेही लिहा पुढच्या वेळी.

मिरज_रात्रपाळी
आजी म्हणाल्या, "बाई कडक आहे, पण हात चांगला आहे." सकाळी सिस्टरना सांगितलं तर त्यावरही ओरडल्या.

पाटण_खोरे
उशिरा आलो, सगळं वाचलं. एक वेगळा अनुभव. 'टू किल अ मॉकिंगबर्ड' मी वकिलीला गेलो त्यामागच्या कारणांपैकी एक. १९६० ची कादंबरी, अमेरिकेच्या दक्षिणेतला वकील ॲटिकस फिंच, खोट्या आरोपात अडकवलेल्या काळ्या माणसाची बाजू लढवतो. मग २०१५ ला हार्पर लीची दुसरी कादंबरी आली, 'गो सेट अ वॉचमन'. खरं तर ती आधी लिहिलेली होती. तीत मुलगी मोठी झालीय, आणि तिला कळतं की आपला बाप वर्णभेदाच्या बाजूच्या सभेत बसतो. जगभरच्या वाचकांना धक्का बसला. मलाही बसला, कुणीतरी ओळखीचं माणूस गेल्यासारखं वाटलं.

त्यावर बरेच दिवस विचार केला. पहिल्या पुस्तकातला बाप आठ-नऊ वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांनी दिसतो. त्या वयाला बाप तसाच दिसतो. म्हणजे आदर्श पात्र बऱ्याचदा बघणाऱ्याच्या प्रेमाचं माप असतं. अनामिकाताईंना मी म्हणेन, आपल्याकडचे 'आई'चे धडे पण लेकरांनी लिहिलेत, आणि बहुतेक मुलग्यांनी.

तरीही मी वकिली सोडली नाही. हळदपेठ म्हणतात काम तिथंच थांबतं. माझ्या बाबतीत ते पुस्तकापासून सुरू झालं. पाटणच्या कोर्टात धरणग्रस्तांची कागदपत्रं घेऊन येणारी म्हातारी माणसं असतात, कोयनेला गावं जाऊन पिढ्या उलटल्या तरी. त्यांना "उद्या या" म्हणताना मला आजही आधी तो वकील आठवतो, आणि बहुतेक वेळा मी त्याच दिवशी कागद बघतो.

हळदपेठ
वकीलसाहेब, हे वाचून बरं वाटलं. माझं म्हणणं तुमच्यासारख्यांना लागू नाही, पण तुमच्यासारखे किती?

पाटण_खोरे
मास्तर वर म्हणालेत तेच. थोडे. पण पुस्तक एकाच वेळी हजारोंपर्यंत जातं, त्यातले थोडे म्हणजेही गाव भरेल.

कृष्णाकाठची
किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी. मी धागा काढला तेव्हा लेखकाला सोबत लागते एवढंच डोक्यात होतं. वाटेगाव_फाटा यांची 'साक्ष' आणि पाटण_खोरे यांचं 'बघणाऱ्याचं प्रेम' या दोन गोष्टी त्याच्याशेजारी ठेवल्या तर मला कच नव्यानं दिसायला लागतो. 'ययाति' पहिल्यांदा आली १९५९ ला. स्वातंत्र्य मिळून बारा वर्षं झालेली, सुखाच्या मागं धावणं सुरू झालेलं, आणि ध्येयवादाच्या काळात वाढलेला, उभी उमेद शिरोड्याच्या शाळेत शिकवण्यात घातलेला लेखक हे बघतोय. त्याला कच हवाच होता. तरी मुलींचं म्हणणं उरतंच: त्याला कापसाची घडी ठेवताना आम्ही बघितलं नाही. तो बोलतो फार.

एकांकिका_वेडा, तुमच्या डॉक्टरचं काय ठरलं?

एकांकिका_वेडा
दारू रद्द. माणदेशी यांचं वाचून वाटतंय की माझ्या एकांकिकेत शेवटी सगळ्यांचे जीव वाचतात, तो शेवट बदलावा. पण मधल्या प्रसंगांत डॉक्टर अजूनही सरळ चालतोय, त्याला अडवायचं कुठं ते कळत नाही. विचार होता की वीज गेलीय, फ्रीज बंद, इन्सुलिन खराब होतंय.

मिरज_रात्रपाळी
फ्रीजवर पेच उभारू नका, जाणकार प्रेक्षक धरेल. इन्सुलिनची वापरात काढलेली बाटली फ्रीजबाहेर साधारण महिनाभर चालते. खरा पेच आहे तो संख्येचा. बाटल्या दोन, साखरेचे पेशंट पाच, मदतीची होडी कधी येणार माहीत नाही. ज्यांचं गोळ्यांवर काही दिवस भागेल त्यांना थांबवावं लागणार, आणि तेच सगळ्यांत जास्त घाबरलेले असणार. तुमच्या डॉक्टरला पाच दिवसांत कुणालातरी तोंडावर "नाही" म्हणायला लावा. आम्हाला कामात सगळ्यांत जड जातं ते हेच.

एकांकिका_वेडा
हे बसतंय! आणि थांबवलेल्यांत त्याची सासू असली तर? ती शाळेत आलेलीच आहे पहिल्या प्रवेशात.

अनामिका_विटा
मग "नाही" त्याला एकट्याला म्हणू देऊ नका. तुमच्या वर्णनात त्या डॉक्टरला बायको आहे, पण ती बोलल्याचं कुठं दिसलं नाही. आई तिची आहे. तो आधी तिच्याशी बोलेल की नाही? तिला हो म्हणू द्या, नाही म्हणू द्या, भांडू द्या, पण वाक्यं द्या.

एकांकिका_वेडा
तिला पूर्ण एकांकिकेत चार वाक्यं आहेत, त्यातली दोन "चहा घ्या" आहेत. आज रात्री तो प्रवेश पहिल्यापासून लिहायला घेतो. झाला की इथंच टाकतो.